भिवराबाईचा फोनवरला लेक

दिवाळीच्या पणत्या कोनाड्यातून निघायच्या आत शिरूर कासार भागात ट्रक लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, कोयते सगळं वर चढतं आणि निम्म्याहून जास्त गाव कारखान्याला निघून जातं. मागं उरतात कुलपं आणि म्हातारी माणसं. दिवसभर कुलपांची राखण करायची आणि ऊन कललं की मारुतीच्या पारावर येऊन बसायचं, हातात आपापला फोन धरून. जाताना लेकानं तेवढा दिलेला असतो. वाजला तर लेक, नाही वाजला तर ऊसतोड जोरात चालू आहे असं समजायचं.

भिवराबाईचा फोन वाजत नव्हता. शेजारी बसलेल्या विमलबाईचा रोज वाजायचा.

भिवराबाईला आयुष्यात एकच व्यसन, असं गल्लीतली अजमतबी म्हणायची. तंबाखूचं नव्हे, विमलबाईचं. दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गावात आल्या. विमलबाई विठ्ठलरावांच्या घरात पडली. तिथं विहीर, बैल, माळवद. भिवराबाई म्हाळूच्या घरात पडली आणि हळद फिटायच्या आत उसाच्या फडात गेली. उन्हाळ्यात परत आली की विमलबाईच्याच रानात खुरपायला. तेव्हापासून तिचा डोळा विमलबाईवर. विमलबाईच्या घरी नळ आला तेव्हा भिवराबाईनं आठवडाभर आडाचंच पाणी गोड आहे म्हणून साऱ्या गल्लीला पाजलं. बीडच्या शिबिरात दोघींच्या डोळ्यांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं, आणि विमलबाईची पट्टी आधी काढली म्हणून ही डॉक्टरशी बोलली नाही. आता दोघींचे नवरे वारले होते, केस पांढरे झाले होते, दातही सारखेच पडले होते. पण विमलबाईचा रविराज पुण्याहून रोज दिवस मावळताना फोनवर तोंड दाखवायचा. विमलबाई फोन असा हातभर लांब धरायची की पारावरच्या सगळ्यांना त्याचं तोंड दिसावं.

"आई, कशी आहेस?"

"बरी हाय बाबा."

"बरं, ठेवतो मग. मीटिंग आहे."

एवढंच असायचं. पण भिवराबाई तेवढ्यानंच जळायची. तिचा उत्तरेश्वर बायकोला घेऊन कर्नाटकात, कारखान्यावर. त्याचा स्वतःचा फोन पाण्यात पडलेला. मुकादमाचा फोन मोकळा असला तर तो करायचा, आणि मुकादमाचा फोन कधी मोकळा नसायचा.

एक गोष्ट मात्र भिवराबाईजवळ होती, जी ती विमलबाईलाही सांगत नव्हती. बँकेतली पावती. शेरडं विकून, निराधाराचे पैसे आले तसे बाजूला ठेवून तिनं शिरूरच्या बँकेत ठेव केली होती. म्हाळू गेला तेव्हा दहाव्या-तेराव्याला घरात दाणा नव्हता. उत्तरेश्वरनं मुकादमाकडून जादा उचल घेतली, आणि त्या सालचा सगळा हंगाम त्यानं आणि त्याच्या बायकोनं बापाच्या तेराव्याचा ऊस तोडला. सून तेव्हा पोटुशी होती. भिवराबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं. आपल्या मातीला लेकानं उचल घ्यायची नाही. आपला लाकूडफाटा, आपलं कापड, आपल्या तेराव्याची डाळ, सगळं आपलं आपण ठेवून जायचं. त्यासाठी ती पावती. तिच्या जिवाची ती एकच काळजी होती आणि ती तिनं मिटवली होती.

आणि मग एके दिवशी पारावर बसलेली असताना तिचा फोन वाजला.

"आजी, नमस्कार. बँकेतून मोहिते बोलतोय. जेवलात का?"

भिवराबाईनं आधी विमलबाईकडं पाहिलं. विमलबाई ऐकत होती. मग ती मोठ्यानं म्हणाली, "जेवले की साहेब. भाकर आन ठेचा. तुमी?"

साहेब चांगला बोलायचा. घाई नव्हती त्याला. गुडघा कसा आहे विचारायचा, सून कशी आहे विचारायचा. चार-पाच दिवसांत तो आजीवरून आईवर आला. "माझी आई मी लहान असतानाच गेली," तो म्हणाला. "तुमच्या आवाजात मला तीच ऐकू येते." भिवराबाईनं पदर डोळ्याला लावला. रडू थोडं आलं होतं, आणि थोडं विमलबाईला दिसावं म्हणून आणलं होतं.

"कोन हाय गं हा?" विमलबाईनं विचारलं.

"बँकेतला साहेब हाय, बाई. धर्माचा लेक झालाय माझा. रोज करतो फोन. तुमच्या रविराजला मीटिंगा असतेत, ह्याला न्हाईत."

अजमतबी बाजूला बसून बांगड्यांची पेटी लावत होती. गावोगाव बांगड्या भरणारी बाई ती, तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "अगे भिवरा, बँकेतला साहेब समोर गेलं तर मान वर करून बघत न्हाई. तुझा साहेब जेवनाचं इचारतो? अल्ला खैर करो."

"तू बी जळायलीस, अजमत."

"मी कावून जळू? माझा लेक पाशा शिरूरला दुकानात हाय. रोज संध्याकाळी घरी येतो, रोज भांडतो. मला फोनची काय गरज?"

मोहिते साहेबानं मग कामाचं काढलं. म्हाताऱ्या माणसांसाठी जादा व्याजाची योजना आली आहे. जुनी पावती मोडून पैसे खात्यात आणून ठेवायचे, पुढचं तो करील. बँकेत कुणी विचारलं तर दवाखान्याला पाहिजेत म्हणायचं, कारण खिडकीवरची माणसं योजना आपल्या पाहुण्यांनाच देतात. आणि एक, गावात कुणाला सांगायचं नाही. "लोकांना आपलं चांगलं बघवत नाही, आई. जळतात लोक."

हे भिवराबाईला एकदम पटलं. जळणं काय असतं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती जीपगाडीनं शिरूरला गेली. खिडकीवरच्या पोरानं चष्म्यावरून पाहिलं. "आजी, पावती कावून मोडायलात? लेकाला आनलं का संगं?"

"लेक कारखान्यावर हाय. दवाखाना हाय मला."

"काय होतंय?"

"बायकाचं हाय," भिवराबाई म्हणाली. पोरगं लाजलं आणि त्यानं शिक्का मारला.

आता गुपचूप राहायचं होतं. पण विमलबाईला कळणार नसेल तर लेक असून उपयोग काय? त्यामुळं भिवराबाई साहेबाचा फोन घरात घ्यायचीच नाही. वाजला की तशीच लंगडत पारावर यायची, मग उचलायची. योजनेचं नाव घ्यायची नाही, पण "व्हय रे माझ्या राजा", "कधी येतोस माझ्या हातची भाकर खायला" हे चार घरं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सांजच्याला विमलबाईच्या हातात रविराज असायचा आणि भिवराबाईच्या कानाला मोहिते. रविराज संपायचा, मोहिते चालू राहायचा. विमलबाई आपला बंद फोन पदरानं पुसत बसायची.

आयुष्यात पहिल्यांदा विमलबाई जळत होती. आणि तिला सवय नव्हती.

भिवराबाईच्या घरातला विजेचा बोर्ड मागच्या पावसाळ्यातच जळला होता, त्यामुळं फोन चार्जिंगला विमलबाईच्या ओसरीवर असायचा. एका सकाळी विमलबाईनं दार लोटून घेतलं, भिवराबाईच्या फोनातला नंबर आपल्या फोनात घेतला आणि लावला.

"मोहिते साहेब का? मी विठ्ठलराव पाटलाची विमलबाई. मी बी त्याच बँकेची हाय. माझ्या खात्यात भिवरापेक्षा लई जास्त हायेत. मला कावून न्हाई फोन केला?"

असा मासा आपण होऊन टोपलीत उडी मारतो हे मोहित्यानं कधी पाहिलं नसावं.

त्यानंतर चार दिवस भिवराबाईचा फोन उशिरा वाजायला लागला. पाचव्या दिवशी वाजलाच नाही. पावतीचे पैसे खात्यात आले होते, कार्डावरचे आकडे तिनं साहेबाला आधीच वाचून दिले होते. मोळ्या मोजून आकडे तिला पक्के येत होते, अक्षर तेवढं येत नव्हतं. आज फोनवर एक नंबर येणार होता, तो सांगितला की योजना लागू. साहेबानं तसं सांगून ठेवलं होतं. ती पारावर ऊन उतरेपर्यंत बसली. विमलबाईही आली नव्हती. भिवराबाई उठली. चालताना तिचा डावा गुडघा कटकट वाजत होता.

विमलबाईच्या ओसरीवर फोन मोठ्या आवाजात चालू होता.

"आई, जेवलात का?"

भिवराबाई खांबाला धरून थांबली.

"जेवले की बाबा. आज मेथी केल्ती."

"माझी आई मी लहान असतानाच गेली. तुमच्या आवाजात मला तीच ऐकू येते."

ओसरीत पाऊल टाकताना भिवराबाईनं चप्पलही काढली नाही. म्हाळूनं दुसरी बायको करून आणली असती तरी तिचं तोंड इतकं काळं पडलं नसतं. एरवी ती विमलबाईला "बाई, तुमी" म्हणायची, चाळीस वर्षांची तिच्या रानातली सवय. आज ती सवय दाराबाहेरच राहिली.

"विमल, लेक चोरलास तू माझा."

विमलबाई दचकली, पण फोन तिनं सोडला नाही. "चोरला कशाला? साहेब काय तुझ्या एकटीचा हाय? सगळ्या गावची बँक हाय ती."

"आन इकडं." भिवराबाईनं फोन ओढून घेतला. "मी बोलतेय. वळखलंस का?"

"कोण? हां, आई. बोला ना, आई."

"कोनती आई?"

"तुम्हीच की, आई."

"माझा कोनता गुडघा दुखतो? रोज इचारत होतास. कोनता दुखतो सांग."

"आई, उजवा ना? औषध घेतलंत का?"

भिवराबाईचा डावा गुडघा खरोखरच तेव्हा ठणकला. तेवढ्यात फोन कट झाला आणि लगेच तिच्या कमरेच्या पिशवीतला तिचा फोन वाजला. तोच नंबर, तोच आवाज, आता आणखी मऊ.

"आई, त्या बाईसमोर कसं बोलणार होतो मी? ती तुमच्यावर जळते. मीच तिला टाळत होतो. तिचं काम मी करणारच नाही. योजना फक्त तुमची. आता फोनवर एक नंबर येतोय बघा, तेवढा सांगा."

फोन कानाला असतानाच टुकटुक वाजला. नंबर आला होता.

आणि खरं सांगायचं तर भिवराबाईचा जीव विरघळला. फक्त तुमची. चाळीस वर्षांत अशी एकही वस्तू तिला मिळाली नव्हती जी फक्त तिची होती आणि विमलबाईची नव्हती. तिनं फोन कानावरून खाली घेतला, डोळ्यांसमोर धरला. आकडे स्पष्ट दिसत होते. ओठ हलायला लागले.

"काय म्हनतोय?" विमलबाईनं विचारलं.

"तू जळतीस म्हनतोय माझ्यावर."

विमलबाई जोत्यावर बसली होती, ती तशीच खाली घसरून पायरीवर आली. "सकाळी मला म्हनला, भिवरा जळती तुमच्यावर. मी व्हय म्हनले."

फोनमधून "आई, आई, नंबर" असा बारीक आवाज येत होता.

भिवराबाईनं फोन पुन्हा कानाला लावला. आवाज चढवला नाही. "आमी जळतो का न्हाई, ते आमचं आमी बघू. दोघींच्या मधी बोलनारा तू कोन बे?" आणि तिनं बटण दाबलं. तिच्या फोनला एकच मोठं लाल बटण होतं, ते ती कितीतरी वेळ दाबूनच बसली.

मग विमलबाई हळूच म्हणाली, "भिवरा, मला दुपारीच नंबर आल्ता."

"मंग?"

"दिला मी."

विमलबाई सातवी शिकलेली. नंबराखाली "हा क्रमांक कुणालाही सांगू नका" असं मराठीत लिहिलेलं तिनं वाचलं होतं. पण कुणालाही म्हणजे भिवराला, असं तिला वाटलं होतं.

अजमतबीचं घर समोरच. आरडाओरडा नव्हता, तरी ती आली. चांगलं भांडण ती अंगणातूनच ओळखायची. तिनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा दोघींना एकेक शिवी दिली. मग म्हणाली, "पाशाच्या दुकानात भिंतीला पोलिसाचा कागद हाय. एकोनीसशे तीस. असं झालं की लगेच तितं फोन करायचा, जेवढा लवकर तेवढा बरा. वेळ घालवू नका. दे फोन." पलीकडच्या बाईला विमलबाईनं रडत रडत सगळं सांगितलं. मध्येच थांबली की अजमतबी मागून ढोसायची, "लाज मागून वाट. आधी खात्याचं सांग." पाशाला फोन करून तिनं बँकेच्या नंबरावरून भिवराबाईचंही कार्ड बंद करून घेतलं. सकाळी तिघी एकाच जीपमध्ये शिरूरला गेल्या.

विमलबाईचे थोडे पैसे मधल्या कुठल्यातरी खात्यात अडकले, ते नंतर मिळतील म्हणाले. बाकीचे गेले. भिवराबाईचे सगळे जागच्या जागी होते. खिडकीवरच्या पोरानं तिला पाहून विचारलं, "आजी, बरं वाटलं का? बायकाचं होतं न्हवं?"

"बरं वाटलं," भिवराबाई म्हणाली. "पावती कर आता परत. आन बाबा, फुडच्या बारीला मी मोडायला आले तर ह्या दोघी संगं असल्याबिगर मोडू नको."

"ह्या कोन तुमच्या?"

भिवराबाईनं मागं वळून पाहिलं. अजमतबी बाकावर बसून सुपारी कातरत होती. विमलबाई रात्रभरात उसाचं चिपाड झाली होती. "ही बांगड्यावाली," भिवराबाई म्हणाली. "आन ही आमच्या गावची हाय."

एवढं सगळं होऊन भिवराबाईला आता सुखाची झोप लागायला हवी होती. नाही लागली. कारण पैसे गेल्याचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी रविराज स्वतः पुण्याहून गाडी घेऊन आला. चार दिवस राहिला. आईच्या हातचं जेवला, आईला घेऊन पोलिसात गेला, बँकेत गेला, लिंबागणेशच्या गणपतीला नेऊन आणलं. ओसरीवर आईचे पाय चेपत बसलेला तो भिवराबाईनं आपल्या दारातून पाहिला.

"माझे बी गेले असते तर बरं झालं असतं," ती अजमतबीला म्हणाली.

"येडी का खुळी तू? तुझ्या मातीचे हायेत ते."

"व्हय. पर एवढ्याशा पैशात चार दिवस लेक मिळाला तिला."

अजमतबी हातातली बांगडी फिरवत बसली.

रविराज गेल्यावर पारावर एक कायदा झाला. कुणी लिहिला नाही, अजमतबीनं तोंडानंच केला. अनोळखी नंबर वाजला की फोन मोठ्या आवाजावर टाकून पारावर मधोमध ठेवायचा. घरात घ्यायचा नाही. फोनवरला लेक कुणा एकटीला मिळू द्यायचा नाही. आठ दिवसांतच म्हाताऱ्या बंकटला "पार्सल अडकलंय" म्हणून फोन आला. त्यानं मधोमध ठेवला, आणि "काका, जेवलात का?" म्हणताच सगळ्यांनी एकामागून एक आपापलं जेवण सांगायला सुरुवात केली. कुणाची पिठलं-भाकर, कुणाचं वांगं, कुणाला भाजीत मीठ जास्त झालेलं. विमलबाईनं तर मेथी निवडण्यापासून घेतलं. तो माणूस आपण होऊन गेला. त्या दिवशी गाव पोटभर हसलं, आणि जरा वेळानं बंकटला सगळे म्हणाले, "तुलाच कावून बे फोन?"

पौषाच्या थंडीत एका सांजच्याला भिवराबाईचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं कायद्याप्रमाणं मधोमध ठेवला. माणसं सरसावून बसली.

"माय, जेवलीस का?"

मागं ट्रॅक्टरचा आवाज होता आणि वाऱ्यात उसाचं पाचट सळसळत होतं.

"कोन बोलतंय?" भिवराबाईनं कडक विचारलं.

"मी गं, उत्तरेश्वर. टॅक्टरवाल्याचा फोन हाय."

"कशावरून? माझा कोनता गुडघा दुखतो सांग."

"काय झालंय गं तुला?"

"सांग आधी."

"डावा की. मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून पडल्तीस तवाचा. मी वर उभा होतो, हात द्यायला आल्तो तवर तू खाली. आन थंडीत रातच्याला उजवा बी धरतो. सांगत न्हाईस तू. माय? हायेस का?"

भिवराबाईनं फोन उचलून मांडीत घेतला, पण आवाज कमी केला नाही. ती विमलबाईकडं बघत होती, सरळ, मान न वळवता, ते चाळीस वर्षांचं बघणं.

"हाय बाबा," ती म्हणाली. "बोल. सावकाश बोल."

विमलबाईनं आपला फोन पदरात घेतला. मग चुलीवर दूध ठेवलंय म्हणाली आणि उठून गेली. थोड्या वेळानं तिच्या ओसरीवरून फोन लावल्याची रिंग ऐकू यायला लागली, मोठ्या आवाजावर. ही रविराजची मीटिंगची वेळ होती हे साऱ्या पाराला माहीत होतं. रिंग वाजत राहिली. मग पलीकडून फोन उचलला.

"आई? काय झालं? परत कुणाचा फोन आला का?"

"न्हाई रे. एक इचारायचं होतं," विमलबाईचा आवाज आला. "माझं काय दुखतं, सांग बरं."

इकडं उत्तरेश्वर आपल्या धाकट्या लेकराला दात आल्याचं सांगत होता. भिवराबाईनं "थांब रे जरा" म्हणून फोनवर तळहात ठेवला आणि ओसरीकडं कान लावला.